सहा पायांचा घुमट

घुमटाचा शेवटचा त्रिकोण आतून घट्ट बसवून आत्याने हात झटकले, ऐटीत वळली आणि जागच्या जागी थिजली. घुमटाला दारच नव्हतं.

"आत्या, बाहेर ये ना!" पारदर्शक प्लास्टिकला नाक चिकटवून भाची ओरडली. "तपासनीस साहेब फाटकातून आत आलेसुद्धा!"

"येते गं. कुठून येऊ, तेवढं सांग."

ही जागा म्हणजे बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचं मैदान. खालची माती विषारी, म्हणून वर चांगल्या मातीचा थर पसरलेला. त्यात एक खड्डा जरी दिसला, तरी परवानगी रद्द! म्हणून तर इंजिनिअर आत्याने पायाच नसलेलं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं हलकंफुलकं हरितगृह रचलं होतं. परवानगी हुकली, तर टोमॅटोची दोनशे रोपं घरच्या बाथरूममध्येच म्हातारी होणार होती. आठवडाभर सगळं घर त्यांची माफी मागत अंघोळ करत होतं.

"काका, एक त्रिकोण सोडवा की!" भाची शेजारी उभ्या, मदतीला आलेल्या वेल्डरकाकांच्या मागे लागली.

"अर्धा तास लागेल. साहेब अर्ध्या मिनिटात पोचतायत."

"मग उचला!" आतून हुकूम आला. "मी खालून सरपटत येते."

घुमट दाबून धरणारी पाण्याची पिंपं अजून बांधायची होती. दोघांनी कडेखाली खांदे घातले, आत्या वाकली आणि नेमका तेव्हाच वारा आत घुसला. घुमट निघालाच!

"सोडू नका रे!" आत्याने आतून नळी पकडली.

साहेबांना दिसलं ते एवढंच: एक भलामोठा बुडबुडा सहा पायांवर थेट त्यांच्या अंगावर धावत येत होता. त्यांनी फाईल छातीशी धरली. हातभर अंतरावर बुडबुडा धप्पकन टेकला.

"तुमच्याकडेच येत होतो, साहेब," आतून आत्या धापा टाकत म्हणाली.

साहेब घुमटाच्या मूळ जागेपाशी गेले, गुडघे टेकून माती न्याहाळू लागले.

"पाया नाही, असं सगळेच सांगतात," ते उठत म्हणाले. "उचलून दाखवणारे तुम्ही पहिलेच. पास!"

आत्या आतल्या आत मटकन बसली. सुटली बिचारी रोपं! आणि बाथरूमही!

"सही कुठे करू?"

वेल्डरकाकांनी दोन पिंपांवर आडवी फळी टाकून केलेलं टेबल दाखवलं. महिनाभर त्यावरच नकाशे पसरले होते, डबे खाल्ले होते, भाचीने गृहपाठही उरकला होता. साहेबांनी झोकात सही केली आणि खाली वाकून पाहिलं.

"टेबलाला बिजागऱ्या कशाला हो?"

घुमटातून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"तरी म्हटलं," वेल्डरकाका म्हणाले, "जेवताना रोज गुडघ्याला टोचतंय काय!"