धनाजी धनेशाचा रोज एक फोटो

सूनबाई म्हणाली, मामंजी, शाळेच्या अंकाला एक गोष्ट लिहून द्या. चौथीत शाळा सोडली ती काय म्हातारपणी गृहपाठ करायला? पण नाही म्हटलं तर ती उद्या पुन्हा विचारणार. म्हणून लिहितो. पोरांनो, नीट वाचा. दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

एका जंगलात धनेश पक्ष्याचं एक जोडपं राहायचं. तो धनाजी, ती सगुणा.

तिथल्या वानरांनी सहलवाल्यांचे मोबाइल पळवले होते. चार्जिंग कुठे करायचे, ते मला विचारू नका. वानरांच्या म्होरक्याने दवंडी पिटली, "वर्षभर रोज एक फोटो काढा. आपल्या साध्या जगण्याचा. ज्याचं सगळ्यात साधं दिसेल, तो जंगलभूषण!"

झालं. धनाजीने मोबाइल आणला. सगुणा मान खाजवायला लागली की हा ओरडायचा, "थांब! पुन्हा खाजव. जरा सहज."

"अहो, सहजच खाजवत होते की."

"ते सहज वाटत नव्हतं."

असे नऊ महिने गेले. सगुणाचे अंडी घालायचे दिवस आले. धनेशांची एक रीत आहे. मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि दार आतून लिंपून घेते. चोच मावेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. नराने फळं आणून फटीतून भरवायची. त्याने आणली नाहीत तर आतले सगळे मेले. एवढा भरवसा टाकतात बाया. असो.

सगुणाने दार लिंपलं. धनाजी उंबर घेऊन आला. तिने चोच बाहेर काढली.

"आत घे, आत घे! ऊन यायचंय अजून."

ऊन आलं. फोटो झाला. मग उंबर मिळालं. तोवर ते सुकलं होतं.

दोन पिल्लं जन्मली. आता तीन तोंडं आणि एक उंबर.

"अहो, पिल्लं रडताहेत."

"रडू देत. आवाज फोटोत येत नाही."

पुढे धनाजीला अक्कल सुचली. फोटोला काय, कालचं उंबरही चालतं! मग तो ते फटीशी धरायचा, फोटो काढायचा आणि उंबर परत घेऊन जायचा. उद्यासाठी. आतून सगुणाला नवरा दिसायचाच नाही. मोबाइल दिसायचा, त्याच्यामागे शेपटी.

शेजारच्या फांदीवर केरबा सुतारपक्षी होता. त्याने पिल्लांचं रडणं ऐकलं.

"वहिनी, भिंत फोडू का? माझं कामच आहे ते."

"नको भावजी. मला पिसं नाहीत, पिल्लांना पंख नाहीत. बाहेर पडून जाऊ कुठे? लिंपली मी, फोडीनही मीच. तोवर चार अळ्या द्या."

केरबाने अळ्या दिल्या. रोज दिल्या. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

सगुणाला पिसं आली. पिल्लांना पंख फुटले. एका सकाळी तिने भिंत फोडली आणि पिल्लांना घेऊन ओढ्यापलीकडे गेली.

थोड्या वेळाने धनाजी आला. ढोलीला भगदाड. तो खूश झाला. "वा! आज उजेड कसा आतपर्यंत जातोय!" त्याने उंबर धरलं, फोटो काढला. दुसऱ्या दिवशीही. असे शेवटचे आठ दिवस.

वर्ष भरलं. सगळं जंगल फोटो बघायला जमलं. म्होरक्याचे डोळे भरून आले. "हे शेवटचे आठ बघा! समोर उंबर, पण बाईने चोचसुद्धा बाहेर काढली नाही. किती तृप्त संसार!"

धनाजीच्या गळ्यात हार पडला. वानरांनी मोबाइल सरसावले. धनाजी ऐटीत उभा राहिला. तेवढ्यात त्याला आपल्यामागे एक धनेशीण दिसली, दोन धष्टपुष्ट पिल्लं घेऊन आलेली.

"अहो बाई," धनाजी म्हणाला, "जरा बाजूला व्हा. फोटोत येताय."

सगुणा बाजूला झाली. कायमची.

तात्पर्य: पोरांनो, सुखी संसाराला बायकापोरं लागतात असं काही नाही. एक भोक, एक सुकं उंबर आणि बरा उजेड असला की भागतं.

आणि चहा गरम असतानाच प्यायचा असतो. "आजचा साधा फोटो" म्हणून माझ्या तोंडचा कप ज्यांनी तीनदा खाली ठेवायला लावला, त्यांनी अजून माफी मागितलेली नाही. नाव लिहून ठेवतो: आमचे जावई, पद्माकर भिकाजी ढवण.