भालचंद्र साळिंदराचं भाकीत

एका जंगलात, मुलांनो, बास्केटबॉल फार चाले. म्हणजे खेळणारे थोडे होते, बोलणारे सगळे होते.

हे जंगल कुठलं, ते विचारू नका. नकाशावर त्याची नोंद नाही, म्हणून तर तिथे अजून झाडं आहेत. तिथे रबरी चेंडू कुठून आला, तेही विचारू नका. हात मांडीवर ठेवा आणि ऐका.

त्या जंगलात भालचंद्र नावाचा एक साळिंदर राहत असे. त्याने जन्मात कधी चेंडूला हात लावला नव्हता. साळिंदर चिडला की त्याचे काटे उभे राहतात, आणि काटा लागला की चेंडू फुस्स होतो. भालचंद्र फार चिडका होता. त्याला खेळता येणं शक्य नव्हतं. म्हणून तो बास्केटबॉलचा जाणकार झाला.

रोज सकाळी तो एका उंच वारुळावर चढून बसे. खाली प्राणी जमत आणि कुणीतरी रोज तोच प्रश्न विचारी.

"भालचंद्रपंत, उड्डाणराव मोठे की शृंगारे मोठे?"

उड्डाणराव हे फार जुन्या काळातलं वानर. त्यांना खेळताना पाहिलेला एकही प्राणी आता जिवंत नव्हता. शृंगारे हे अलीकडचं सांबर. त्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तोच त्यांचा दोष होता.

"उड्डाणराव," भालचंद्र म्हणे. "शंकाच नको."

"तुम्ही पाहिलंत का हो त्यांना?"

"पाहिलं असतं, तर इतक्या खात्रीने सांगता आलं असतं का?"

मग शृंगारेंच्या बाजूचे खवळत. "शृंगारेंना कुणी अडवू शकत नव्हतं!"

"कसं अडवणार? चेंडू शिंगांत अडकवायचा आणि टोपलीपर्यंत चालत जायचं. समोर कोण उभं राहील? याला काय खेळ म्हणतात?"

की झालं. दुपारपर्यंत भांडण. या भांडणापायी एका सशाचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलीकडचे निघाले शृंगारेवाले. एका फांदीवर राहणाऱ्या दोन कावळ्यांनी मधोमध काडी लावून फांदी वाटून घेतली.

भालचंद्राचं दुसरं काम भाकिताचं. दरवर्षी पळस फुलला की जंगलातल्या महाविद्यालयांची स्पर्धा भरे. कोण कुणाला हरवणार, हे भालचंद्र आधीच सांगे. त्याचं सांगणं दरवेळी चुके. इतका कुणी चुकत असेल, तर चुकून एखाद्या वेळी तरी बरोबर यावं की नाही? तेही नाही. पण त्याची पत कधी घसरली नाही. कारण सामन्यानंतर आपण का चुकलो, हे तो इतकं छान समजावून सांगे की ऐकणाऱ्याला वाटे, भाकीत बरोबरच होतं, निकालच चुकला.

आता या भालचंद्राला एक मुलगी होती. तिचं नाव शलाका. ती ओढाकाठ महाविद्यालयात शिके, आणि बास्केटबॉल खेळे.

साळिंदर असून? हो, साळिंदर असून. तिने काय केलं, तर न चिडायची सवय करून घेतली. रोज सकाळी ती वारुळाखाली बसून बाबांचं विवेचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐके, आणि काटे मिटलेले ठेवी. हे ज्याला जमलं, मुलांनो, त्याला जगात काहीही जमतं.

त्या वर्षी पळस फुलला. पहिलाच सामना लागला ओढाकाठ विरुद्ध टेकडीमाथा. टेकडीमाथ्याचा कप्तान होता उत्तुंग वानर, खुद्द उड्डाणरावांचा पणतू. ओढाकाठच्या संघात एक साळिंदर, एक पाणमांजर, दोन बदकं आणि एक बेडूक.

वारुळाभोवती ही गर्दी जमली. शलाकाही नेहमीसारखी खाली बसली होती.

"बोला पंत, कोण जिंकणार?" एका म्हाताऱ्या अस्वलाने विचारलं. "मुलगी आहे म्हणून बाजू घेऊ नका हं!"

भालचंद्राला हे झोंबलं. त्याचे काटे सळसळले.

"बाजू? मी? अहो, ओढाकाठ हरणार! समोर उड्डाणरावांचं रक्त आहे. आणि आमच्याकडे कोण? शलाका. मुलगी चांगली आहे. घरी कंद छान सोलते."

लोक हसले. समोरचे हसले की भालचंद्राला स्वतःला आवरत नसे. तो वारुळाच्या पार टोकावर उभा राहिला.

"ओढाकाठ जिंकलं, तर मी अंगावरचे सगळे काटे उतरवून ठेवीन!"

मागे सावलीत एक बिबट्या लोळत होता. तो उठून बसला.

"सगळे?" त्याने विचारलं.

"सगळे."

"मग मी सामन्याला येतो," बिबट्या म्हणाला. "मला खेळातलं काही कळत नाही, पण हे आवडलं."

घरी आल्यावर भालचंद्राची बायको कांताबाई त्याच्यावर घसरली. "अहो, पोटच्या पोरीबद्दल चारचौघांत असं बोलतात?"

"अगं, तो माझा व्यवसाय आहे."

"आणि काट्यांचं काय? काटे नसलेलं साळिंदर म्हणजे गलेलठ्ठ उंदीर. बिबट्या दारात येऊन बसेल."

"ती जिंकणारच नाही म्हटल्यावर काट्यांचा प्रश्न येतो कुठे?"

शलाका खाली मान घालून जेवत होती. कांताबाईने तिला विचारलं, "आणखी वाढू?"

"वाढ," शलाका म्हणाली.

सामन्याच्या दिवशी सगळं जंगल लोटलं. दोन सागांना बूड नसलेल्या बांबूच्या टोपल्या बांधल्या होत्या. पंच होतं घुबड. त्याला दिवसा दिसत नसे, म्हणून दोन्ही संघांचा त्याच्यावर विश्वास होता. खडकाला सावली टेकली की खेळ संपणार. चेंडू फोडला तर नवा चेंडू समोरच्यांना मिळणार.

हा शेवटचा नियम उत्तुंगने नीट वाचला होता. तो शलाकाला खेटूनच राहिला. तिच्या हातात चेंडू आला की कानाशी बोले.

"तुझे बाबाच म्हणाले ना, तू कंद छान सोलतेस?"

शलाका चेंडू आपटत राहिली. "हो. ये एकदा घरी. तुलाही वाढते."

आणि त्याच्या बगलेखालून निघून गेली.

पहिल्यांदा तिने चेंडू टोपलीत घातला, तेव्हा भालचंद्र टाळी वाजवायला उठलाच होता. "ही माझी—" असं तोंडातून निघालंही. तेवढ्यात त्याला शेजारी ऊब जाणवली. शेजारी बिबट्या बसला होता. ताटात वाढलेल्या पुरणपोळीकडे आपण जसं बघतो, तसा तो भालचंद्राकडे बघत होता.

भालचंद्र खाली बसला.

खेळ रंगला. टेकडीमाथा पुढे गेलं, ओढाकाठने गाठलं, पुन्हा टेकडीमाथा एका गुणाने पुढे गेलं. सावली खडकापाशी आली. पाणमांजराने घसरत जाऊन चेंडू काढला आणि शलाकाकडे फेकला. उत्तुंगने झेप घेतली, पण चेंडूकडे नाही, तर तिच्या तोंडासमोर, आणि ओरडला, "बाप तुझा आमच्याकडून आहे!"

शलाकाने एकदा प्रेक्षकांत बसलेल्या बापाकडे पाहिलं. तिचा एकही काटा हलला नाही. तिने चेंडू सोडला.

चेंडू वर गेला. भालचंद्राचा जीव त्याच्याबरोबर वर गेला. आणि त्याच्या ओठांतून शब्द आले, "चुकू दे. देवा, चुकू दे."

आपण हे काय म्हणतोय, हे त्याला कळलं, पण कळेपर्यंत म्हणून झालं होतं.

चेंडू टोपलीच्या काठावर थबकला, मग आत पडला. सावली खडकाला टेकली. बदकांनी जो कालवा केला, तो पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला.

मग सगळी गर्दी भालचंद्राकडे वळली. "काटे! काटे! काटे!" बिबट्याने ओठ चाटले.

भालचंद्राला घाम फुटला. पण मुलांनो, जाणकार कशाला म्हणतात? त्याने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि गरजला, "मूर्खांनो! अजून नाही कळलं तुम्हाला?"

गर्दी जवळ सरकली.

"मी तिला हरणार म्हणालो, ते का? ती पेटून उठावी म्हणून! काटे पणाला लावले, ते का? तिची जिद्द वाढावी म्हणून! बापाचं काळीज तुम्हाला काय समजणार?"

म्हाताऱ्या अस्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाप असावा तर असा," ते म्हणालं.

"पण काटे ठरले होते ना?" बिबट्याने विचारलं.

"तुम्हाला खेळातलं काय कळतं!" सगळे त्याच्यावर धावून गेले. बिचारा उपाशी घरी गेला.

गर्दीने भालचंद्राला खांद्यावर उचललं. साळिंदराला खांद्यावर का उचलत नाहीत, ते त्यांना लगेच कळलं, आणि त्यांनी त्याला खाली ठेवलं. पण जयजयकार थांबला नाही. शलाका टोपलीखाली उभी होती. तिच्याकडे फक्त एक बेडूक आला, आणि तो तिच्याच संघातला होता.

संध्याकाळी जेवताना शलाका म्हणाली, "बाबा, चेंडू हवेत असताना तुम्ही काय पुटपुटत होता?"

"आशीर्वाद देत होतो, बेटा."

"तुमचे ओठ 'चुकू दे' असे हलले."

कांताबाईचा वाढता हात थांबला. भालचंद्राने ताटाकडे पाहिलं.

"मला वाईट नाही वाटलं," शलाका म्हणाली. "खरं सांगू? बरंच वाटलं. तुमचं बोलणं आजवर कधी खरं झालंय? तुम्ही हरणार म्हणालात, तेव्हा आमचा अख्खा संघ नाचला. नंतर ओठ हलताना दिसले, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. मग चेंडू बेधडक टाकला."

ती हात धुऊन झोपायला गेली. भालचंद्राने ताट बाजूला सारलं. तिने चार शब्द सुनावले असते, ताट आपटलं असतं, तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

ही गोष्ट पाणमांजराच्या तोंडून जंगलभर झाली. दुसऱ्या दिवशी वारुळापुढे रांग लागली. रानडुकरांचा संघ मधाचं पोळं घेऊन आला होता.

"पंत, आम्ही हरणार असं म्हणा ना."

"हरणार," भालचंद्र म्हणाला. रानडुकरं आनंदाने उड्या मारत गेली. पाठोपाठ त्यांच्याविरुद्ध खेळणारी नीलगायींची मंडळी आली, बोरं घेऊन. भालचंद्र म्हणाला, "तुम्हीही हरणार." त्याही खूश झाल्या. सामना रानडुकरांनी जिंकला. नीलगायी तक्रार घेऊन आल्या. "आमच्या वेळी तुम्ही मनापासून नाही म्हणालात!"

भालचंद्राची अशी भरभराट झाली. पण त्याचं लक्ष लागेना. तो दुपारी हळूच ओढ्याकडे जाई आणि करवंदीच्या जाळीत लपून शलाकाचा सराव बघे. बघता बघता एक अघटित घडलं. त्याला खेळ दिसू लागला. ती कधी थांबते, बेडकाला चेंडू मिळावा म्हणून कशी मुद्दाम चुकीच्या बाजूला बघते, चुकल्यावर स्वतःशीच कशी हसते. एक दिवस त्याच्या मनात आलं, उड्डाणराव आणि शृंगारे दोघांना एका जागी उभं केलं तरी ही पोर त्यांच्यापेक्षा मोठी आहे. आणि हे त्याला वारुळावर चढून ओरडून सांगावंसं वाटलं.

ओढाकाठ अंतिम सामन्यात पोहोचलं. त्या सकाळी वारुळाभोवती मुंगीला जागा नव्हती. पाणमांजर पुढे येऊन हात जोडून म्हणालं, "काका, नेहमीसारखं म्हणा हं."

शलाका कडेला उभी होती.

भालचंद्र उभा राहिला. "माझी शलाका..." तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही मऊ झाला की पाणमांजर पांढरंफटक पडलं. दोन्ही बदकांनी पंखांत तोंड लपवलं. भालचंद्राने मुलीकडे पाहिलं. त्याच्या घशाशी आलेली सगळी वाक्यं तिथेच अडकली. ती बाहेर पडली, तर पोर हरणार होती.

"...हरणार!" तो ओरडला. "तिला चेंडू धरता येत नाही! पळता येत नाही! उड्डाणरावांच्या शेपटीचीसुद्धा तिला सर नाही! ती हरणार, हरणार, हरणार!"

"वा!" अस्वल म्हणालं. "किती पोटतिडकीने बोलतात!"

शलाका पुढे आली. तिने वाकून बापाच्या पायांना हात लावला आणि मैदानाकडे पळत गेली.

ती जिंकली, हे काय वेगळं सांगायला हवं? सगळे पांगल्यावर अस्वल भालचंद्राजवळ रेंगाळलं. "पंत, आता सामना झाला. आता तरी सांगा. पोर छान खेळली, नाही?"

भालचंद्राने तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की पुढच्या वर्षी पळस पुन्हा फुलायचा आहे.

"ठीक," तो म्हणाला, आणि डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं करून दुसरीकडे वळला.

तात्पर्य: मुलांनो, घरचे तुम्हाला म्हणाले, "तुझ्याने काही होणार नाही," तर ताबडतोब त्यांच्या पाया पडा. कौतुक करू लागले, तर मात्र घाबरा आणि सराव वाढवा. आणि ज्याचं भाकीत हमखास चुकतं, त्याला कधीही दुखवू नका. बरोबर सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, पण इतका भरवशाचा माणूस शोधून सापडत नाही.