साबणाच्या डबीतली वीज

"याची बॅटरी आता येत नाही, साहेब. नवा रेकॉर्डर घ्या," असं दुकानदार म्हणाला आणि आमच्या बातमीदाराचं डोकं फिरलं.

"यंत्र ठणठणीत आहे! नुसतं उपाशी आहे म्हणून फेकून द्यायचं?"

मुळीच फेकायचं नाही. बॅटरी बाहेरून जोडायची! घरी येऊन त्यानं रिकामी साबणाची डबी घेतली, सासूबाईंच्या बीपीच्या मशीनमधले चार सेल काढून तीत बसवले आणि दोन तारा ओढून रेकॉर्डरला जोडल्या. (तारांना डाग देताना टेबलक्लॉथ जळला. संघर्षात असं होतंच.)

"अहो, नवा घेतला तर काय बिघडेल?" बायको म्हणाली.

"तत्त्व बिघडेल!"

"आणि माझं बीपी कशावर बघायचं, जावईबापू?"

"तुमचं नॉर्मल आहे. मी सांगतो ना!"

"तुम्ही घरात असताना?"

त्यानं लक्ष दिलं नाही. आज लढाई मोठी होती. पिण्याचं पाणी कित्येक महिने तपासलेलंच नाही, हे पाणीखात्याचा अधिकारी आज कबूल करणार होता. हा गृहस्थ संध्याकाळी बोलायचा आणि सकाळी 'मी असं बोललोच नाही' म्हणायचा. त्याच्या केबिनमध्ये फोन बाहेर ठेवावा लागे. संपादकानं (वयानं निम्मा, तोऱ्यानं दुप्पट) बजावलं होतं, "आवाज आणा, सर. नाहीतर बातमी नाही."

बातमीदारानं रेकॉर्डिंगचा खटका सरकवला. दिवा लागेना. डबी हलवली, थोपटली, तिला चार शब्द सुनावले. शेवटी तिला तसंच टेबलावर सोडून तो आंघोळीला गेला.

परत येऊन बघतो तर लाल दिवा लखलखतोय!

"बघितलंत? दम दिला की यंत्रसुद्धा ऐकतं!"

बायको आणि सासूबाई मान खाली घालून शेंगा सोलत होत्या. त्यानं सगळा संसार पिशवीत टाकला आणि निघाला.

अधिकारी खरंच मोकळेपणानं बोलला. बातमीदार ऑफिसात शिरला तो छाती काढूनच. संपादकाच्या टेबलावर डबी आदळून म्हणाला, "ऐका!"

रेकॉर्डरमधून शेंगा फुटल्याचा आवाज आला. मग त्याची स्वतःची डरकाळी. मग रस्ता, हॉर्न, जिना, अधिकाऱ्याच्या दाराबाहेरचं ताटकळणं, शिपायाच्या जांभया. आणि मग काहीच नाही. जागा संपली होती!

आता हेही सांगायला हवं की रेकॉर्डर बंद करायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. जुनी बॅटरी इतकी मरतुकडी, की ती आपणहून बंद पडायची. ही नवी मात्र सकाळपासून इमानानं जागी होती.

"हे बॅटरीचं यश आहे!" तो गरजला. "दोष कंपनीचा! जागा एवढीशी का दिली?"

"एक मिनिट, सर. सुरुवातीला कोणीतरी कुजबुजतंय." संपादकानं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि आवाज वाढवला.

"लागला गं दिवा!" सासूबाई म्हणत होत्या. "एक सेल उलटा घातला होता त्यांनी. मी सुलटा केला."

"सांगू नकोस हं आई. फार मनाला लावून घेतील."

"छे! विचारलंच, तर मी हातसुद्धा लावला नाही म्हणेन."

संपादकानं रेकॉर्डर बंद केला. बंद कसा करतात, तेही बातमीदारानं नीट पाहून घेतलं.

"ही बातमी छापता येईल, सर," संपादक म्हणाला. "हिचा पुरावा आहे."