पालथा कागद

आमच्या बिराजदार सरांसमोर कागद ठेवला की ते तो वाचत नाहीत. पालथा घालतात, त्यावर चष्म्याचं घर ठेवतात आणि म्हणतात, "हां, आता सांगा. काय म्हणून राहिलात?"

नांदेडच्या आमच्या कॉलेजात लेखन केंद्र म्हणून एक खोली आहे. प्रबंध, निबंध, साधा अर्ज, काहीही अडलं की तिथं जायचं. सर ते चालवतात. मी रसायनशास्त्र शिकवते. लोह्याकडच्या विहिरींच्या पाण्यावर निबंध लिहिला होता, तो घेऊन गेले. वाटलं, चार चुका काढतील, संपलं. तर सरांनी तो पालथा घातला. मी फाडफाड बोलले. ऐकून घेऊन ते आमच्या शिपायाकडे वळले. "गफूरचाचा, कळलं?"

"न्हाई बा."

"मॅडम, पाणी पिण्यासारखं हाय का न्हाई, तेवढं चाचाला सांगा."

माझं डोकंच फिरलं. तरी सांगितलं. "हेच पहिलं वाक्य," सर म्हणाले. निबंध छापून आल्यावर पेढे मी आधी चाचांना दिले, सरांना मुद्दाम नंतर.

देगलूरची सुनंदा कांबळे तर प्रबंध सोडून गावी निघाली होती. "लई जड शब्द हायेत, पोरी. पण तू कुठं हायस ह्याच्यात?" असं विचारून विचारून सरांनी तिला बोलती केली, आणि प्रबंध पुरा झाला. पोरं सरांची नक्कल त्यांच्यासमोरच करतात. ते खूश असतात.

सुट्टी लागली की मात्र त्यांचा चेहरा उतरतो. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून उदगीरच्या घराला कुलूप आहे. इथल्या खोलीवर सर एकटेच. या दिवाळीत ते म्हणाले, केंद्र उघडं ठेवतो. "सुट्टीत कोण येतंय मरायला?" प्राचार्य म्हणाले. "पहिल्या दिवशी कोणी आलं नाही तर किल्ली ऑफिसात द्या."

त्या सकाळी माझे अनारसे तुपात विरघळले होते आणि मी वैतागले होते. तरी तोच छापून आलेला निबंध पिशवीत टाकला आणि गेले. बघते तर दारात चपलाच चपला. आत सुनंदा, तिचा मंजूर झालेला प्रबंध मांडीवर. चाचांच्या हातात रजेचा अर्ज, तोही सुट्टीत. आणि कोपऱ्यात खुद्द प्राचार्य, दिवाळीच्या शुभेच्छांचा मसुदा घेऊन.

सरांनी सगळ्यांचे कागद घेतले, न बघताच पालथे घातले. चष्म्याचं घर मात्र हातातच राहिलं.

चाचा म्हणाले, "आज तुमीच सांगा, सर. आमी ऐकतो."

सर खाली बघत हसले. "आमची ही बिदरकडची. शाळा कन्नड. मराठी बोलायची झकास, पण वाचता येत नव्हतं. मी काही लिहिलं की भाकरी थापता थापता म्हणायची, कागद ठेवा बाजूला, तोंडानं सांगा."

सुनंदानं आपली खुर्ची सरांच्या जवळ ओढली.

"हां, सर," ती म्हणाली. "मग?"