दोन अंशात एक तास

मला थंडी वाजत नाही! हे मी गेली तीस वर्षं छाती ठोकून सांगत आलोय. आता ही तीस वर्षं मी बेकरीच्या भट्टीसमोर काढली, तिथे वाजायला थंडी आधी यावी तर लागेल, असं आमची बायको म्हणते. पण तिला मुद्दा सोडून बोलायची सवयच आहे.

तिचं सगळं उलटं. तिने सव्वीस वर्षं एका कोल्ड स्टोरेजमध्ये सफरचंदं सांभाळली. शेवटी तिथली इनचार्ज झाली. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत दोन अंश! संध्याकाळी मी घामाने निथळत घरी यायचो, ती कानटोपी घालून यायची. मी पंखा पाचवर करायचो, ती बंद करायची, मी पुन्हा लावायचो. त्या बटणाला जेवढे श्रम पडलेत तेवढे पंख्यालाही पडले नसतील. सुट्टीत मला डोंगर हवा, तिला समुद्र. या वादात सुट्टी संपायची आणि आम्ही आपले घरीच, एकाच पंख्याखाली, मी उघडाबंब आणि ती दुलईत!

दोघांच्याही निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा मी डोंगरावर एक टुमदार घर बघून ठेवलं. खिडकी उघडली की ढग घरात! घर दोघांच्या नावावर घ्यायचं, म्हणजे सहीही दोघांची हवी. घरमालक म्हणाला, "रविवारपर्यंत कळवा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"अहो, जन्म दोन अंशात गेला माझा," बायको म्हणाली. "म्हातारपणीही कुडकुडतच बसू?"

"अगं, ती मशीनची थंडी. ही निसर्गाची!"

"थंडी ती थंडी. एवढी हौस आहे ना? मग एक तास माझ्या स्टोरेजमध्ये बसून दाखवा. एका स्वेटरवर, न कुरकुरता. बसलात तर मुकाट्याने सही करते. नाही जमलं तर समुद्राकाठी घर, आणि पंख्याचं बटण कायमचं माझ्याकडे!"

"एकच तास? मी तिथे डुलकी काढीन, डुलकी!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सराव म्हणून फ्रीजमध्ये हात घालून उभा राहिलो. दीड मिनिटात हात बाहेर आला आणि डोकं ठिकाणावर आलं. हे प्रकरण आपल्याला झेपणारं नव्हतं. पण आम्हा भट्टीवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. पाठ धरली की ताजा पाव फडक्यात गुंडाळून पाठीला बांधायचा. वैद्याकडे जावं लागत नाही. शनिवारी सकाळी भट्टीतून नुकते काढलेले चार मोठे पाव घेतले. एक पाठीला बांधला, दोन काखेत धरले, एक पोटावर. वरून स्वेटर. माझ्या पोटाचा लौकिक असा, की एक पाव कमीजास्त झाला तर कुणाच्या लक्षात यायचा नाही.

"कसला हो वास येतोय?" बायकोने दारातच विचारलं.

"तीस वर्षं बेकरीत काढली मी. गुलाबाचा येणार आहे का?"

स्टोरेजच्या दारावर एक काका बसतात. लोखंडी दार, त्याला वीतभर काच आणि शेजारी भोंग्याचं बटण. त्यांनी मला नियम समजावला. आत गेलेल्या माणसाने दर दहा मिनिटांनी दारावर तीनदा टकटक करायची.

"विसरू नका हं साहेब. टकटक झाली म्हणजे माणूस जिवंत."

"आणि नाही झाली तर?"

"मग पुढचं बाईसाहेब बघतील!"

आत गेलो. सफरचंदांच्या खोक्यांची छतापर्यंत उतरंड. नाकाचा शेंडा पहिल्याच मिनिटाला मला सोडून गेला. पण स्वेटरच्या आत? आहाहा! मी दाराजवळच्या एका खोक्यावर ऐसपैस बसलो. दहा मिनिटांनी टकटक केली. वीस मिनिटांनी तर ठेका धरून केली. मग मशीनची ती एकसुरी घरघर, पाठीला ऊब, पोटाला ऊब, आणि त्यात मी भल्या पहाटे उठलेला...

पुढचं मला काकांनी नंतर सांगितलं. तिसरी टकटक आली नाही म्हणून त्यांनी काचेला डोळा लावला. मी मान टाकून बसलेलो. अंगात हालचाल नाही. आणि माझ्या कॉलरमधून पांढरा धूर सावकाश वर वर चाललेला!

"बाईसाहेब! धावा! साहेबांचा प्राण चाललाय! कॉलरमधून! मी डोळ्यांनी बघतोय!"

भोंगा असा बोंबलला की मी जागा झालो. पण डोळे उघडायच्या आत दोन हातांनी माझे गाल धरले.

"अहो! डोळे उघडा ना! मेलं ते समुद्राकाठचं घर! मी सही करते, आत्ता करते! म्हणाल त्या डोंगरावर जाऊ, पण उठा हो!"

तिचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. गालावर गरम थेंब पडला, तो तिच्या डोळ्यांतला होता. खरं सांगतो, उठावं, तिला जवळ घ्यावं, सगळं कबूल करून टाकावं असं फार वाटलं. पण तेवढ्यात हेही लक्षात आलं की आपण जिंकलोय! तेव्हा डोळे जरा आणखी घट्ट मिटून घेतले.

खोक्यांच्या ढकलगाडीवर घालून मला बाहेर आणलं. सहा हमाल गोळा झाले, सगळ्यांची बोटं गारठून निळी पडलेली.

"स्वेटर काढा त्यांचा! छाती चोळा!" बायको ओरडली.

मी ताडकन उठून बसलो. "नको, नको! मी अगदी ठणठणीत आहे!"

"वात झालाय, बरळतायत!" काका म्हणाले. "धरा रे!"

बारा हात आणि मी एकटा! स्वेटर वर गेला आणि पहिला पाव घरंगळत बायकोच्या पायाशी जाऊन थांबला. मागोमाग दुसरा. मग तिसरा. चौथा पाठीला इमानाने चिकटून राहिला.

भोंगा बंद झाला. काकांनी खाली वाकून एका पावाला हात लावला.

"बाईसाहेब, प्राण अजून गरम आहे!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. या नजरेपेक्षा आतले दोन अंश बरे होते.

"अगं, स्वेटर एकच घातलाय," मी म्हणालो. "शब्दाला जागलोय मी!"

तिने डोळे पुसले. माझ्या पाठीचा पाव ओढून काढला, फडकं सोडलं आणि तो मधोमध फोडला. वाफ निघाली. एकेक तुकडा तिने हमालांच्या हातावर ठेवला, उरलेला स्वतः खाल्ला. सगळे उभ्या उभ्या खात होते.

"सव्वीस वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "इथे कधी असं गरम काही हातात आलं नव्हतं. हे असलं ना, की थंडी तशी वाईट नाही हो."

"मग सही?" मी संधी साधली.

"करते. लबाडी तुमची असली तरी शब्द माझा आहे. पण त्या घराला एक गोष्ट जोडून हवी मला."

"माग! काय हवं ते माग!"

"परसात एक भट्टी."

हे मी डोंगरावरून लिहितोय. खिडकीत ढग येतात असं बायको सांगते. ती अंगणात खुर्ची टाकून बसते, हातात गरम पाव, आणि म्हणते, "अहो, काय गोड थंडी पडलीय!" आजूबाजूच्यांना वास लागलाय, त्यामुळे सकाळपासून दारात रांग असते. भट्टीकडे तोंड केलं की खिडकी पाठीमागे जाते, तेव्हा ढग काही मी अजून नीट बघितलेले नाहीत. सारखा घाम पुसावा लागतो, त्यात हा कागदही ओला झालाय.

पण छाती ठोकून सांगतो, मला थंडी अजूनही वाजत नाही!