प्रचंडवीराचे दोन उजवे हात

माणसाला दोन हात असतात व त्यांपैकी एक डावा असतो, याबाबत सर्व धर्मांचे आणि पक्षांचे अजून तरी एकमत आहे. वेगळे मत नोंदवणारे एकच : कै. रत्नाकर पाटणकर. गंगाकाठच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, खिडकीत बसून त्यांनी सत्तरच्या दशकात 'प्रचंडवीर' ही चित्रकथा काढली. प्रचंडवीराचे दोन्ही हात उजवे होते. रत्नाकररावांनी आयुष्यात कधी डावं-उजवं केलं नाही, असं शोकसभेत सगळे म्हणाले, ते उगीच नव्हे.

त्यांच्या पत्नी इंदूवहिनींची एकच इच्छा होती. नवऱ्याची चित्रं एकदा भिंतीवर लागलेली पाहायची, तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. मंडळ जबाबदार असल्यामुळे त्याने परवानगी दिली नाही, शरीररचना तपासणी उपसमिती नेमली. अध्यक्ष नीलकंठराव, शरीरशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. (बाकीचे सदस्य कंबरदुखीमुळे गैरहजर.)

उपसमितीचे निष्कर्ष धक्कादायक होते. प्रचंडवीराच्या ४३ टक्के हातांना कोपर नाही. तितक्याच हातांना दोन-दोन आहेत, त्यामुळे सरासरी समाधानकारक. बोटं पाच ते आठ (रागात वाढतात). पोटावर बर्फीसारख्या कापलेल्या अकरा वड्या. मान मुळातच नाही, त्यामुळे कोणापुढे तुकवण्याचा प्रश्न नाही. बेंबी फिरती असून एकदा ती खलनायकाकडे आढळली. राजकन्येची कंबर एवढी की तिने जेवलेलं खाली पोचतं कसं, यावर उपसमितीत दोन तट पडले (हजर सदस्य एकच असूनही). पण खरा आक्षेप उभं राहण्याला होता. छाती वाचकाकडे, पावलं उत्तरेला, तोंड दक्षिणेला. नाकासमोर चालायचं ठरवलं तर हा इसम जागीच फाटेल.

नीलकंठराव स्वतः घरी जाऊन म्हणाले, "वहिनी, नाही जमणार. असं शरीर घेऊन माणूस जगूच शकत नाही."

"पन्नास वर्षं जगलाय, भाऊजी. तुमच्या टेबलावरचा एक तरी जगला का?"

(शरीरशास्त्र मृतदेहांवर शिकवतात, हे इथे नमूद केलेलं बरं.)

नकार देऊन नीलकंठराव गल्लीत उतरले. गल्लीची रुंदी दीड माणूस. दक्षिणेकडून सांड आला. उत्तरेकडून मोटरसायकल, तिच्यावर तिघं आणि एक कूलर. नीलकंठरावांनी भिंतीला पाठ लावली. छाती समोर आली, पावलं उत्तरेला वळली, तोंड दक्षिणेला, सांडाकडे राहिलं. मान खांद्यांत शिरली. पोट असं आत गेलं की घामेजल्या सदऱ्यातून वड्या दिसू लागल्या. डावा हात खिडकीच्या गजाला उलटा लटकला आणि त्याचा अंगठा भलत्याच बाजूला आला.

"गुरुजी, साँस मत लीजिए!" पानवाला विश्वेश्वर ओरडला. "भोला मूड में है!"

खिडकी उघडली. "अगदी तस्सेच!" इंदूवहिनी हरखून म्हणाल्या. "हे इथेच बसून काढायचे हो. समोर दिसेल ते! हलू नका, फोटो घेते."

"वहिनी, सांड..."

"तो पोळी दाखवली की सरकतो. प्रदर्शनाचं काय ठरलं?"

"नियमानुसार उपसमितीची बैठक..."

भोला सांडाने नीलकंठरावांच्या सदऱ्याचा वास घेतला.

"मंजूर!" नीलकंठराव म्हणाले. ठराव एकमताने संमत झाला. गणसंख्या पूर्ण होती (सांड धरून). वहिनींनी पोळी टाकली.

प्रदर्शन भरलं आहे. प्रचंडवीरापुढे उभे राहून लोक पोट धरून हसतात, आणि शेजारच्या नीलकंठरावांच्या फोटोला 'काय हुबेहूब आलाय' म्हणतात. शेवटची चौकट वहिनींनी रिकामी ठेवली आहे. ती कोणासाठी, असं तुम्ही विचाराल. मग जसे बसला आहात तसेच स्वतःकडे बघा. मान कुठे गेली? पाठ कोणत्या दिशेला आहे? मांडीखाली मुंग्या आलेला तो पाय नक्की तुमचाच ना?

हलू नका. वहिनींनी खिडकी उघडली आहे.