लोणच्याची जकात

श्रीगणराय विघ्ने वारोत, सरस्वती लेखणीस पावो. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सर, चैत्रमासी वर्तमान ऐसे की, चार राज्यांनी एकमेकांच्या मालावरील जकात उठवावी म्हणोन मसलत मांडिली होती, तीस नववे वर्ष लागले आणि निष्पन्न काही जाहले नाही. समुद्राकाठच्या राज्याचे वकील जिवाजी बल्लाळ म्हणत, "आधी आमच्या मिठाची जकात उठवावी, मग तुमचा गूळ येऊ देऊ," आणि देशावरचे वकील तिमाजीपंत म्हणत, "आधी गूळ." बाकीचे दोघे वकील भोजन करून निजत. इकडे नाक्यावर मिठाच्या गोणी अडकून पडल्या, मिठागरांतली माणसे गाव सोडू लागली, आणि जिवाजीपंतांस महाराजांचा हुकूम आला की, या खेपेस तह न जाहलिया मिठागरे बुजवून टाकू. पंतांस अन्न गोड लागेना.

मग डोंगरातले नवे राज्य मसलतीत सामील जाहले आणि त्यांच्या वकील लाडूबाई आल्या. जुने वकील चरफडले, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! चौघांचे जुळेना, पाचवे कशास?" बाईंच्या राज्याचा माल एकच, कैरी. त्यांनी जिवाजीपंत आणि तिमाजीपंत या दोघांपासून वानगीचे मीठ आणि गूळ मागोन घेतला, लोणचे घातले, आणि ते मुरताच बरणी मसलतीत आणवून पुसिले, "याजवर जकात कोणाच्या मालाची घ्यावी?" तिमाजीपंतांनी बोट चाटिले आणि भान हरपोन बोलिले, "अहो, हा तर आमचा गूळ! लोणचे आमचे!" जिवाजीपंत उसळले, "मिठावाचून टिकले असते काय? लोणचे आमचे!" आणि ऐसी झोंबाझोंबी जाहली की निजलेले दोघे उठोन "फोड इकडेही येऊ द्या" म्हणो लागले. बाई पदर खोचून बोलिल्या, "दोघांचंबी हाय न्हवं? मग घरच्याच मालावर जकात घेनारा शाना कोन, त्याचं नाव सांगा! आन् बिगी बिगी सांगा, कैरी पिकली तर आमरसच खावा लागंल!" तिमाजीपंत पोट धरोन हासले, "बाईंनी आम्हांसच बरणीत घातले!" आणि त्यांनी तहावर शिक्का केला, मग सर्वांनी केला.

जिवाजीपंत अनवाणी नाक्यावर धावले आणि मिठाचे बैल निघाले. नाकेदाराने सवयीने हात पुढे केला, तो मागोमाग आलेल्या तिमाजीपंतांनी त्यावर राखून ठेविलेली लोणच्याची शेवटली फोड ठेविली. जिवाजीपंत आनंदे रडले, "आमची माणसे आता घरी येतील हो!"

सारांश, चौघांचे नव वर्षे शिजेना, ते पाचवीच्या हाती मुरले. बरणी मात्र शिक्के होईतो रिकामी जाहली, सबब पुरावा शिल्लक नाही.